पंचवटीतलं जुनं घर घ्यायचंय, पण बँक म्हणते बांधकामाची किंमत शून्य. खरेदी आणि दुरुस्ती दोन्हींचं कर्ज कसं जमवायचं?

गोदातीर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. प्रश्न मोठा आहे, म्हणून सविस्तर मांडते.

आम्ही दोघं आणि सहावीतली मुलगी. नवरा अंबडच्या कंपनीत, मी शाळेत शिक्षिका. गेली नऊ वर्षं इंदिरानगरला भाड्याने राहतो. फ्लॅट खूप पाहिले, मन कुठेच बसलं नाही. दिवाळीनंतर पंचवटी कारंजापासून पाच-सात मिनिटांवर एका गल्लीत एक घर पाहिलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. दगडी जोतं, पुढे ओटा, आत छोटा चौक, चौकात उन्हाची तिरीप. तळमजल्याच्या भिंती चुन्यातल्या विटांच्या, वरची माडी सागवानी खांब-तुळयांवर, त्यावर पत्रा. जागा साधारण ११०० चौरस फूट. गेली सहा वर्षं घर बंद आहे. माडीची एक बाजू खाली बसलीय, पत्रा गळतो, वायरिंग नावालाच आहे, संडास अंगणाच्या टोकाला.

मालक दोघे भाऊ, एक पुण्याला असतात. मागणी ४६ लाख. ओळखीच्या ठेकेदाराने दुरुस्तीचा अंदाज १४ लाख दिला. आमच्याकडे सगळं मिळून २० लाख आहेत. दोघांचा हातात येणारा पगार महिना १ लाख ५ हजार.

आता अडचण. आमचा पगार जमा होतो त्याच बँकेत गेलो. त्यांचा व्हॅल्युअर पाहून गेला आणि किंमत लावली ३८ लाख, तीही फक्त जमिनीची. बांधकामापुढे शून्य लिहिलं. त्याच्या ८० टक्के म्हणजे ३० लाख ४० हजार कर्ज मिळेल म्हणाले. दुरुस्तीचं विचारलं तर उत्तर, "ते आमच्यात बसत नाही, पर्सनल लोन घ्या."

म्हणजे खरेदीला खिशातून १५ लाख ६० हजार, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण तीन लाख, दुरुस्तीचे १४. एकूण ३२ लाख ६० हजार. साडेबारा लाख कमी पडतात. मालक म्हणतात, दोन लाख इसार द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक आहे. कुंभमेळा जवळ आल्यापासून या भागात भाव चढलेत हे खरं आहे.

पर्सनल लोन घ्यावं का? की घर सोडून द्यावं? कुणी नाशिकमध्ये असं घर कर्जावर घेऊन दुरुस्त केलंय का?

---

पाथर्डीफाटा

ताई, मोकळेपणाने सांगतो. सोडून द्या. याच पैशांत आमच्याकडे तयार दोन बीएचके मिळतो, कर्ज आठवड्यात मंजूर होतं, पार्किंग मिळतं. जुन्या घराला पैसा लावणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. मुलगी सहावीत आहे, तिच्या शिक्षणाचे दिवस पुढे आहेत. दोन वर्षं मिस्त्रीच्या मागे धावणार का?

---

जुनाखातेदार

मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो. आयुष्यभर अशा फाइली पाहिल्या, म्हणून आधी एक सांगतो: इसार आत्ता देऊ नका. दुसरं गिऱ्हाईक असलं तरी देऊ नका. जे घर एका बँकेने शून्यावर धरलं, त्याचं दुसरं गिऱ्हाईकही त्याच बँकांच्या दारात जाणार आहे. रोखीने घेणारा बिल्डर असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तो दोन लाखांच्या इसारासाठी तुमची वाट पाहत बसला नसता.

आता बँक असं का करते ते पाहा. तुम्ही उद्याचं घर पाहता, बँक आजचं पाहते. हप्ते थकले तर आज आहे त्या अवस्थेत विकून पैसे वसूल होतील का, एवढाच तिचा प्रश्न. बंद, गळकं, एका बाजूने बसलेलं घर असेल तर व्हॅल्युअर बांधकाम धरतच नाही, जमीन धरतो. शिवाय कर्जाची मुदत २० वर्षं असेल तर इमारतीचं उरलेलं आयुष्य त्याहून जास्त असावं लागतं. हे आयुष्य लिहून द्यायला कुणी तयार नसेल तर फाइल तिथेच थांबते.

कर्जाचं प्रमाण रिझर्व्ह बँकेने ठरवलेलं आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. ही वरची मर्यादा झाली, बँक कमी देऊ शकते. आणि यातली किंमत म्हणजे खरेदीचा भाव आणि व्हॅल्युएशन यांतली कमी असेल ती. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी यात धरत नाहीत, ते तुमच्याच खिशातून.

तुमच्यापुढे मार्ग तीन आहेत.

एक, खरेदी आणि दुरुस्ती एकाच अर्जात. सगळ्या बँका करत नाहीत, पण काही राष्ट्रीयीकृत बँका आणि गृहवित्त कंपन्या करतात. खरेदीची रक्कम खरेदीखताच्या दिवशी मिळते, दुरुस्तीची टप्प्याटप्प्याने. दुसरा, घर पाडून नवं बांधायचं, म्हणजे प्लॉट खरेदी आणि बांधकाम असं जोडकर्ज. ते मिळायला सोपं, कारण बँकेला कोरी जमीन आणि मंजूर नकाशा समजतो. तिसरा, आत्ता फक्त खरेदीचं कर्ज घ्यायचं आणि काही महिने हप्ते नीट भरून मग टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, किंवा घरदुरुस्ती कर्ज मागायचं. पण तुमचं घर आज राहण्यासारखं नाही. तेवढे महिने भाडं आणि हप्ता दोन्ही भरावे लागतील.

पर्सनल लोनचा हिशेब स्वतः करून पाहा. १२ लाख, १२ टक्के, ५ वर्षं: महिना २६ हजार ७००च्या आसपास. तेच १२ लाख गृहकर्जात ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी: १० हजार ४०० च्या आसपास. व्याज एकूण जास्त जाईल हे खरं, पण बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही, पैसे येतील तसे फेडा. आणि आधी पर्सनल लोन घेतलंत तर तो हप्ता उत्पन्नातून वजा होऊन गृहकर्जाची पात्रताच खाली येईल. बँकेतला जो माणूस तुम्हाला हा सल्ला देतो, त्याने तुमचा पगार आणि हप्ता शेजारी ठेवून पाहिलेलं नाही.

---

ओळंबा

स्थापत्य अभियंता आहे. बँकांसाठी व्हॅल्युएशनही केलंय आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांची तपासणीही. जुनाखातेदार काकांनी बँकेची बाजू सांगितली, मी घराची सांगतो.

व्हॅल्युअर तासाभरात जातो. तो भिंत ठोकून पाहत नाही, तुळईत टोचणी घालत नाही. त्याला माडी बसलेली दिसली की तो शून्य लिहितो, कारण तेच सुरक्षित असतं. तुम्ही त्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर नेला पाहिजे. पाच-दहा हजार जातील, पण त्याच्या सही-शिक्क्याचा अहवाल फाइलला लागला तर चित्र बदलतं. अहवालात तळमजला आणि माडी वेगवेगळे मागा. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तळमजल्याची चुन्यातली भिंत ठणठणीत असेल. चुन्यातलं बांधकाम लवकर मरत नाही. मरतं ते लाकूड, आणि तेही जिथे भिंतीत शिरतं तिथे. तुळईचं मधलं अंग नवं कोरं दिसतं आणि भिंतीतलं टोक वाळवीने भुसा झालेलं असतं. माडी एका बाजूने बसलीय ना? बहुतेक त्या बाजूच्या तुळयांची टोकं गेली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही लिहिलेलं नाही: शेजारची भिंत कुणाची? पंचवटीत आणि जुन्या नाशकात घरं एकमेकांना टेकून आहेत. सामाईक भिंत असते आणि दोन्ही घरांच्या तुळया त्याच भिंतीत दोन बाजूंनी शिरलेल्या असतात. तुम्ही तुमची माडी उतरवलीत की त्या भिंतीवरचा तोल बदलतो. शेजाऱ्याच्या गिलाव्याला तडा गेला की तो आधी पोलिसात आणि मग महापालिकेत जातो, आणि काम थांबतं. काम थांबलं की बँकेचा पुढचा टप्पा थांबतो. म्हणून शेजाऱ्याशी आत्ताच बोला, खरेदीच्या आधी. सामाईक भिंत आहे का, दस्तात तसा उल्लेख आहे का, हे पाहा. काम सुरू करण्याआधी त्याच्या घरातल्या आहेत त्या तड्यांचे तारखेसकट फोटो काढून दोघांच्या सह्या ठेवा. मी स्वतः हे दोनदा केलंय आणि दोन्ही वेळा त्या एका कागदाने काम वाचलं.

परवानगीचं: गिलावा, फरशी, रंग, पत्रे बदलणं याला सहसा काही लागत नाही. भिंत, खांब, तुळई, स्लॅब यांना हात लावला की महापालिकेची परवानगी हवी, आणि बँक तीच मागणार. शिवाय घरावर धोकादायक इमारतीची नोटीस आहे का ते विभागीय कार्यालयात विचारा. दर पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांना नोटिसा लागतात. घर बंद असेल तर नोटीस दारावर चिकटवलेली असते आणि मालक म्हणतात, आम्हाला माहीतच नाही. ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच सांगितलेलं आहे, त्यामुळे तो अहवाल मागितलात तर मालकांनी वाईट वाटून घेऊ नये.

आणि पूररेषा. घर कारंजाच्या वरच्या अंगाला आहे की नदीकडच्या उताराला?

---

गोदातीर

काका, ओळंबा दादा, मनापासून आभार. शेजारच्या भिंतीचा विचार आमच्या डोक्यातही आला नव्हता. उद्याच जाऊन बोलते.

घर वरच्या अंगाला आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, २००८ च्या पुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं, ओट्याला लागलं नाही.

---

ओळंबा

आजींचा शब्द मोलाचा, पण बँकेला कागद लागतो. नगररचना विभागातून निळी आणि लाल पूररेषा दाखवणारा नकाशा पाहून घ्या. निळ्या रेषेच्या आत असेल तर बहुतेक बँका मागे सरतात. दोन रेषांच्या मध्ये असेल तर पुनर्बांधणीला जोत्याच्या उंचीच्या अटी येतात. तुमचं दगडी जोतं किती उंच आहे तेही मोजा. जुन्या लोकांनी गोदेच्या पात्रातल्या, पुराची पातळी दाखवणाऱ्या दुतोंड्या मारुतीकडे बघत जोती बांधली आहेत, उगाच पाच पायऱ्या ठेवलेल्या नाहीत.

---

भद्रकाली४२२

हे वाचून राहवलं नाही. आमचं असंच झालं, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी जुन्या नाशकात घर ठरवलं. इसार दिला साडेतीन लाख, साध्या पावतीवर. पावतीत एवढंच की तीन महिन्यांत खरेदी पूर्ण करायची, नाही केली तर इसार बुडाला. कर्ज मिळेल हे आम्ही गृहीत धरलं होतं, पगार चांगला होता. बँकेच्या वकिलाने प्रॉपर्टी कार्ड काढलं तर त्यावर विकणाऱ्याच्या आजोबांचं नाव. वारसांत अकरा जण, त्यांतले दोघे परदेशात. खालच्या दुकानाचा भाडेकरू वेगळाच, तो म्हणे माझ्या वडिलांनी पागडी दिलीय. बँकेने अर्ज परत केला. तीन महिने संपले. साडेतीन लाखांपैकी एक लाख मिळाले, तेही दीड वर्षाने, हातापाया पडून.

बायकोच्या बांगड्या गेल्या त्यात. बहिणीसारखं सांगतो, कागद हातात आल्याशिवाय रुपया देऊ नका.

---

साक्षांकित

वकिली करतो, मिळकतीचीच कामं जास्त. भद्रकाली४२२ यांच्या बाबतीत झालं ते दर महिन्याला कुणाच्या तरी बाबतीत होतं, आणि टाळता येतं.

गोदातीर ताई, "मालक दोघे भाऊ" असं तुम्ही लिहिलंत. त्यांना बहिणी आहेत का? हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि भाऊ आपणहून सांगत नाहीत. घर वडिलांच्या नावावर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर मुली मुलांइतक्याच वारस. वडिलोपार्जित असेल तर २००५च्या दुरुस्तीने मुलींना जन्मतःच हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो आणखी स्पष्ट केला. "बहिणींचं लग्नात सगळं दिलंय" याला कागदावर काही किंमत नाही. एकतर बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोड पत्र द्यावं, नाहीतर खरेदीखतावर विकणार म्हणून सही करावी. मला दुसरं जास्त आवडतं, त्यांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या खात्यात गेलेले दिसतात आणि पुढे कुणाच्या मनात काही राहत नाही.

नगर भूमापन कार्यालयातून ताजं मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, काढा. ते ऑनलाइनही मिळतं. त्यावर नावं कुणाची, क्षेत्र किती, सत्ता प्रकार काय, भाडेपट्टा किंवा देवस्थानाची नोंद आहे का, पाहा. पंचवटीत काही जागा देवस्थानांच्या आहेत, तिथे वेगळी गुंतागुंत असते. मग ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा शोध. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करता येतो, पण जुन्या वर्षांसाठी वकिलाला कार्यालयात बसावंच लागतं. मूळ खरेदीखत मालकांकडे आहे का ते आत्ताच विचारा. बँक मूळ कागद ठेवून घेते. हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि प्रमाणित नक्कल, एवढं होईस्तोवर दोन महिने जातात. विकास आराखड्यात रस्तारुंदीकरण दाखवलंय का हेही बघा. तुमचा ओटा त्यात जाणार असेल तर आज कळलेलं बरं.

इसार द्यायचाच तर असा लिहून घ्या: टायटल (मालकी हक्क) निर्वेध न निघाल्यास, किंवा बँकेने मिळकतीच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास, इसाराची पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत. "मिळकतीच्या कारणावरून" हे शब्द हवेतच. रक्कम चेकने द्या.

---

वृंदावन

गोदातीर, तुझ्यासारखंच घर आम्ही केलंय, रविवार कारंजाच्या मागे. सासऱ्यांचंच होतं त्यामुळे खरेदीचा प्रश्न नव्हता, पण दुरुस्तीचं कर्ज काढलं. त्यामुळे मंजुरीनंतर काय होतं ते सांगते. त्याबद्दल आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

बँकेचे टप्पे नव्या बांधकामासाठी ठरलेले असतात. जोतं झालं की इतके टक्के, स्लॅब पडला की इतके, गिलावा झाला की इतके. दुरुस्तीत हे क्रमच नसतात. आमचं पहिलं काम होतं माडीला लोखंडी टेकू देणं आणि सडलेल्या तुळया काढणं. त्यात पावणेदोन लाख गेले आणि घर आधीपेक्षा वाईट दिसायला लागलं. बँकेचा माणूस आला, म्हणाला काम कुठे झालंय? पैसे अडकले. शेवटी आमच्या इंजिनिअरने बाबवार प्रमाणपत्र दिलं तेव्हा सुटले. म्हणून मंजुरीच्या वेळीच टप्पे तुमच्या कामाप्रमाणे लिहून घ्या: टेकू आणि उतरवणी, मग छप्पर, मग भिंती आणि गिलावा, मग नळ-वीज. आणि लक्षात ठेव, आधी तुमचा वाटा खर्च झालेला बँक पाहते, मग तिचे पैसे येतात. पहिले तीन-चार लाख तुमच्या हातात रोख हवेत.

दुसरं, ठेकेदाराचा १४ लाखांचा आकडा एका ओळीत असेल तर तो आकडा नाही, अंदाज आहे. आमचा ११चा १६ झाला. गिलावा उतरवल्यावर आत वाळवी निघाली, देवघराच्या खाली जुना आड निघाला, तो बुजवावा लागला. प्रत्येक कामाचं माप आणि दर लिहिलेलं एस्टिमेट घे, आणि त्यावर पाचवा हिस्सा राखीव ठेव. बँकेसाठीचं एस्टिमेट इंजिनिअरच्या सहीचं लागतं. फर्निचर, पडदे, मॉड्युलर किचन त्यात घालू नकोस, ते कापतातच.

तिसरं, आणि हे माझ्या जिवाचं आहे. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नकोस. आमच्या पहिल्या मिस्त्रीने केला. चुना श्वास घेतो, ओल बाहेर टाकतो. सिमेंटने ती आत कोंडली आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघाले. सगळा खरवडून पुन्हा चुन्याचा करावा लागला, दुप्पट पैसे. चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री कमी राहिलेत, पण आहेत. देवळांच्या कामांवर जाऊन विचार, तिथे भेटतात.

काम दिवाळीनंतर काढ, छप्पर मे संपायच्या आत पक्कं व्हायला हवं. उघड्या माडीवर मृगाचा पाऊस पडला तर भिंती वाचत नाहीत.

पाथर्डीफाटा दादांनी काळजीपोटी लिहिलंय हे कळतं. पण संध्याकाळी ओट्यावर बसलं की रामकुंडाकडून येणाऱ्या घंटांचा आवाज कानावर येतो. माझी मुलं त्या ओट्यावर वाढली, आणि मला कधी पस्तावा झाला नाही.

---

पाथर्डीफाटा

वृंदावन ताई, तुमचं घर वडिलोपार्जित होतं, त्यांना विकत घ्यायचं आहे. फरक मोठा आहे. तरी सगळे प्रतिसाद वाचून एवढं कबूल करतो की कागद स्वच्छ असतील आणि इंजिनिअर हो म्हणाला तर माझा विरोध नाही. मात्र हप्ता पगाराच्या ४० टक्क्यांच्या वर नेऊ नका.

---

सिडकोवासी

थोडं अवांतर, पण इथे सिडकोतल्या जुन्या रो-हाउसवाल्यांनाही उपयोगी पडेल. आमच्याकडे जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यानेच असेल, तर गहाण ठेवायला किंवा नावावर करायला सिडकोची ना हरकत लागते. आणि घराच्या पुढे-मागे परवानगीशिवाय वाढवलेल्या खोल्या व्हॅल्युअर धरत नाही. मी वाढीव दोन खोल्यांसकट भाव दिला होता, बँकेने मूळ घराचाच धरला. सहा लाखांचा खड्डा पडला.

---

आकडेमोड

कराच्या बाजूने दोन गोष्टी. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या खरेदी-बांधकामाच्या कर्जावर वर्षाला २ लाखांपर्यंत व्याजाची वजावट मिळते. दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावर मात्र फक्त ३० हजार, आणि तेही त्याच २ लाखांच्या आत. मुद्दलाची ८०सी वजावट दुरुस्तीला नाहीच. म्हणून एकाच अर्जात असलं तरी व्याजाचं प्रमाणपत्र दोन भागांचं वेगळं घ्या. नवीन करप्रणालीत असाल तर राहत्या घराला यातलं काहीच नाही.

दुसरं, मुद्रांक शुल्कात महाराष्ट्रात महिलेच्या नावाने घर घेतल्यास एक टक्का सवलत आहे, पण मालक म्हणून फक्त महिलाच हवी. पतीचं नाव मालकीत घातलं की सवलत जाते. पती सहकर्जदार राहू शकतात.

आणि शासकीय मूल्यदर तक्त्यानुसार (रेडी रेकनर) किंमत किती येते ते आधी काढून घ्या. खरेदीचा भाव त्याहून कमी असला तरी शुल्क तक्त्याच्या किमतीवर लागेल. फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर आयकरही मागे लागतो.

---

गोदातीर

दीड महिन्याने लिहिते आहे. तुम्ही सगळ्यांनी स्वतःच्या घरचं असल्यासारखं लिहिलंत, त्यामुळे काय झालं ते कळवणं माझं कर्तव्य आहे.

इसार दिला नाही. मालक रागावले, दहा दिवस फोन घेतला नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं नाही. मग त्यांचाच फोन आला.

मालमत्ता पत्रक काढलं. वडिलांचंच नाव. आणि हो, साक्षांकित दादा, बहिणी आहेत. दोन. एक सिन्नरला, एक ओझरला. भावांनी त्यांना विक्रीचं सांगितलंच नव्हतं. मी नवऱ्याला घेऊन दोघींना जाऊन भेटले. सिन्नरच्या ताई आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चौकात माझ्या आईने लावलेली तुळस आहे का अजून?" तुळस नाही, वृंदावन आहे. ते ठेवणार असं मी सांगितलं. दोघी खरेदीखतावर सही करायला तयार आहेत, वाट्याचे पैसे त्यांच्या खात्यात जातील. वारस नोंदीचा अर्ज झाला, फेरफार मागच्या आठवड्यात मंजूर झाला.

स्ट्रक्चरल इंजिनिअर नेला. ओळंबा दादा, तुळयांची टोकं गेली आहेत हे तुम्ही न पाहता ओळखलंत. माडी उतरवावी लागेल. तळमजला उत्तम आहे, छप्पर नीट केलं तर किमान ३० वर्षं, असं त्यांनी लिहून दिलं. पूररेषेच्या नकाशात घर दोन्ही रेषांच्या बाहेर आहे. शेजारच्या आजींच्या मुलाशी बोललो, भिंत सामाईकच आहे, तड्यांचे फोटो काढून दोघांनी सह्या केल्या.

हा अहवाल आणि पहिल्या बँकेचा शून्याचा कागद, दोन्ही मालकांसमोर ठेवले. माडी जाणार हे कळल्यावर भाव ४२ लाखांवर आला. त्या शून्याच्या कागदावर मी रडले होते, आणि चार लाख त्याच कागदाने वाचवले.

तीन ठिकाणी अर्ज केले. एकाने नाही म्हटलं, एकाने पाडून नवं बांधत असाल तर या म्हटलं. तिसऱ्या बँकेने खरेदी आणि दुरुस्ती एकत्र घेतली. त्यांच्या व्हॅल्युअरने अहवाल पाहून तळमजल्याचे ३ लाख धरले, जमिनीचे ३७. चाळीसचे ८० टक्के म्हणजे ३२ लाख खरेदीला. दुरुस्तीचं बाबवार एस्टिमेट १५ लाख झालं, त्यातले १२ त्यांनी मान्य केले, त्यावर ९ लाख ६० हजार. एकूण ४१ लाख ६० हजार, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता ३६ हजार १००. पगाराच्या ४० टक्क्यांच्या आत आहे, पाथर्डीफाटा दादा. घर माझ्या एकटीच्या नावावर, नवरा सहकर्जदार. आम्ही दोघंही नवीन करप्रणालीत आहोत, त्यामुळे वजावटीचं नुकसान नाही, आणि शुल्कात ४२ हजार वाचले.

खिशातून खरेदीला १० लाख, दुरुस्तीला ५ लाख ४० हजार, शुल्क-नोंदणी २ लाख ४० हजार, वकील-इंजिनिअर-बँकेची फी धरून साठेक हजार. वीसमधले दीड लाख उरतात. वृंदावन ताई, पाचवा हिस्सा राखीव जमत नाही. म्हणून माडी पुन्हा चढवायची नाही असं ठरवलं. यंदा फक्त तळमजला आणि त्यावर पक्कं छप्पर, जिना ठेवून. टप्पे तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच मंजुरीपत्रात लिहून घेतले.

खरेदीखत पुढच्या गुरुवारी आहे. एकच विचारायचं राहिलं: माडीचे सागवानी खांब चांगले आहेत, अकरा निघतील. ठेकेदार म्हणतो मला द्या, मजुरीतून वजा करतो. देऊ का?

---

ओळंबा

अजिबात देऊ नका. जुन्या सागाला आज काय भाव आहे ते तो जाणतो. उतरवताना स्वतः उभ्या राहा, खांबांवर खडूने आकडे घाला, जमिनीपासून विटांवर उचलून, वर पत्रा घालून ठेवा. टोकं कापून वाळवीचं औषध मारलं की तेच खांब ओट्याच्या छपराला लागतील. लांबी आणि घेर मोजून इथे टाका, कोणता कुठे बसेल ते सांगतो.

---

वृंदावन

आणि चुन्याच्या मिस्त्रीचा नंबर निरोपातून पाठवलाय. दिवाळीनंतर तो रिकामा नसतो, आत्ताच बोलून ठेव.

---

गोदातीर

अकरा खांब. आठ खांब साडेसात फुटी, तीन नऊ फुटी. घेर उद्या मोजून टाकते.